पाणी भीड ठेवत नाही

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,


आमच्या तंत्रनिकेतनाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ गेली तीन वर्षं जागची हललेली नाही. ‘जलांतर्गत वाहन, नग १, शिल्लक १.’ दर मार्चला साठा पडताळणी होते. पडताळणीला आलेले सहकारी त्या ओळीवर बोट ठेवतात आणि मी त्यांना सांगते, की ते वाहन खाडीच्या तोंडाशी सात वाव पाण्यात पडलं आहे. ते मान हलवतात, शेरा लिहितात, पुढच्या ओळीकडे वळतात. कागदावर प्रकरण तेवढ्यावर थांबतं. माझ्या मनात ते थांबत नाही, म्हणून हे पत्र.

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्याजवळच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. माझी मुलं दहावीनंतर डिप्लोमाला येतात. कुणाच्या घरी होडी आहे, कुणाची काजूची बाग, कुणाचे वडील एसटीत चालक. गेल्या सहा वर्षांत या मुलांनी समुद्राखाली जाऊन पाणी मोजणारी तीन छोटी रोबोटिक वाहनं बांधली. त्यांतलं एक हरवलं, एक मोडीत निघालं, एक चालतं आहे. या सहा वर्षांच्या भरवशावर मी आपल्याकडे एक मागणं घेऊन आले आहे. किनारी जिल्ह्यांतल्या तंत्रनिकेतनांत समुद्रसंशोधनाची छोटी वाहनं बांधण्याचं काम शासनाने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून उभं करावं, आणि या कामात वाहन हरवलं तर तो गुन्हा ठरू नये.

आधी हे काम तंत्रनिकेतनातच का, ते सांगते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचं काय झालं आहे, हे आपल्यापासून लपलेलं नसेल. मोठ्या शहरांत दुकानं आहेत, तिथे प्रकल्प अहवालासकट तयार मिळतो. परीक्षेच्या दिवशी दिवा लागतो, चाक फिरतं, दहा मिनिटांत गुण पडतात. मी मुलांना दोष देत नाही. ज्या कामाची कसोटी टेबलावर दहा मिनिटांत संपते, ते काम मनापासून करावं असं सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला का वाटावं? पाण्याखालच्या वाहनाचं तसं नाही. ते दुकानातून आणलं तरी पाण्यात उतरवावंच लागतं, आणि पाणी कुणाची भीड ठेवत नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या कॉलेजचा, अहवाल किती पानांचा, हे पाणी विचारत नाही. झाकण नीट बसलं आहे की नाही, एवढंच विचारतं.

हे मी एका केसावरून शिकले. आमचं पहिलं वाहन म्हणजे ॲल्युमिनियमची एक नळी होती. दोन्ही टोकांना झाकणं, आत बॅटरी आणि सर्किट, बाहेर वाहन ढकलणारे तीन छोटे थ्रस्टर, आणि वर किनाऱ्याशी जोडणारी केबल. झाकणं आमच्याच लेथवर कातली होती. त्यांतल्या खाचेत रबराची ओ-रिंग बसते आणि पाण्याला अडवते. दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जादा दाब येतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो जवळजवळ पावणेदोनशे किलो होतो, म्हणजे तीन मोठी माणसं त्या झाकणावर उभी राहिल्यासारखं. जेटीवरून वाहन सोडलं, नऊ मीटरवर गेलं आणि चौथ्या मिनिटाला चित्र गेलं. ओढून वर काढलं, झाकण उघडलं, तर आत अर्धा पेला पाणी. बॅटरीच्या टोकांवर हिरवं चढू लागलेलं. मुलं गप्प झाली होती. एका मुलीने ओ-रिंग काढून उन्हात धरली आणि बोटाने दाखवली. तिच्यावर आडवा एक केस चिकटला होता. कुणाच्या तरी डोक्याचा, दोन इंचही नसेल. त्या केसाच्या बाजूने जी फट राहिली, तिच्यातून समुद्र आत आला होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे झाकण लावण्याची एक रीत आहे. आधी केस बांधायचे. खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायची, मग डोळे मिटून तिच्यात नख फिरवायचं, कारण ओरखडा डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा हात इतका पातळ, की रबर फक्त चमकावं. झाकण एकाने बसवायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि दोघांनी वहीत सही करायची. मग गॅरेजमध्ये ब्रेकमधली हवा काढायला वापरतात त्या हातपंपाने नळीतली हवा काही अंशी ओढून घ्यायची आणि पंधरा मिनिटं गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला तर कुठेतरी फट आहे. पाण्यात उतरण्याआधी हवेतच ती सापडते. या रीतीचे गुण कुठल्या गुणपत्रिकेत येत नाहीत. पण ज्या मुलाने ती दोन वर्षं पाळली, तो पुढे औषध कारखान्यात गेला काय किंवा जहाजबांधणीत गेला काय, त्याच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा होतो. हे मी माझ्या मुलांकडे बघून सांगते.

दुसरी गोष्ट तोल सांभाळण्याची. पाण्याखालचं वाहन बुडताही कामा नये आणि उसळताही कामा नये. ते पाण्यात जवळजवळ वजनहीन तरंगत राहिलं पाहिजे, म्हणजे थ्रस्टरची ताकद वर-खाली होण्यात वाया जात नाही. आम्ही कॉलेजच्या टाकीत शिशाचे तुकडे कमी-जास्त करत एक दुपार घालवली आणि वाहन मधोमध स्थिर उभं केलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी समुद्रात सोडलं, तर ते बुचासारखं वर येऊन बसलं. मुलं गोंधळली. मग गणित मांडलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. आमचं वाहन वीस लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे समुद्रात त्याला अर्धा किलो शिसं जास्त हवं. आर्किमिडीजचा सिद्धांत मुलांनी आठवीत पाठ केला होता. तो खरा काय असतो, ते त्यांना जेटीवर समजलं.

पण खरा धडा सप्टेंबरात मिळाला. पाऊस ओसरत होता, नदीला अजून जोर होता. खाडीच्या तोंडाशी आम्ही ओळखीच्या एका तांडेलाच्या होडीवरून वाहन सोडलं. ते खाली गेलं आणि साधारण तीन मीटरवर थांबलं. केबलला ओढ नाही, तळ लागलेला नाही, तरी कुणी अदृश्य फळी घातल्यासारखं ते तिथेच टेकून राहिलं. मुलांना वाटलं थ्रस्टर बिघडला. तांडेल बिडी विझवून म्हणाले, “वरचा पाणी गोडा, खालचा खारा. मधे थराक लागला ता.” आम्ही वाहनावरची तापमानाची आणि क्षारतेची नोंद पाहिली. खरंच, हाताच्या लांबीएवढ्या अंतरात पाणी बदललं होतं. वर नदीचं हलकं पाणी पसरलेलं, खाली भरतीबरोबर आत शिरलेलं समुद्राचं जड पाणी, आणि वरच्या पाण्यात जड असलेलं आमचं वाहन खालच्या पाण्यात हलकं पडून दोन्हींच्या सीमेवर तरंगत होतं. तांडेलांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मुलांनी ते पहिल्यांदा आकड्यांत पकडलं. त्या दिवशी होडीत जो आनंद होता, तो मी वर्गात एकोणीस वर्षांत पाहिलेला नाही.

महोदय, हा केवळ शिकण्या-शिकवण्याचा प्रश्न असता, तर मी प्राचार्यांपाशीच थांबले असते. आपल्या किनाऱ्याला या वाहनांची गरज आहे. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकत उथळ भागात येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मासळी कुठे जाते, कधी जाते, याचा या पाण्याशी थेट संबंध आहे. पण नेमक्या याच काळात मोजमाप करणं सगळ्यात अवघड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर ठेवलेल्या असतात, समुद्र खवळलेला असतो. माणूस जाऊ शकत नाही तेव्हा यंत्राने जावं, यासाठी तर ही वाहनं जन्माला आली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथल्या प्रवाळाला उष्णतेचा किती फटका बसतो, हे दर महिन्याला त्याच जागी जाऊन त्याच उजेडात फोटो काढल्याशिवाय कळत नाही. पाणबुड्या माणसाला ते दर महिन्याला परवडत नाही, छोट्या वाहनाला परवडतं. आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, समुद्रात बुडालेलं एक पठार. साधारण चाळीस किलोमीटर लांब, माथा जेमतेम वीस मीटर पाण्याखाली, आणि त्यावर प्रवाळांची वस्ती. आपल्याच आरमारप्रमुखाच्या नावाची ही जागा महाराष्ट्रातल्या किती विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिली असेल?

कुणी म्हणेल, हे काम देशपातळीवर चाललं आहे, राज्याने त्यात कशाला पडायचं? चाललं आहे हे खरं, आणि त्याचा मला अभिमान आहे. २६ जानेवारी १९८१ ला ‘गवेषणी’ या संशोधन नौकेने अरबी समुद्राच्या तळातून धातूचा पहिला गोटा वर आणला, तिथून आपली खोल समुद्राची वाट सुरू झाली. गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे स्वयंचलित वाहन बांधलं. पावणेदोन मीटर लांब, पंचावन्न किलोच्या आसपास, दोनशे मीटर खोल जाणारं. त्यात लिस्बनच्या अभियंत्यांची साथ होती, पण जोडणी आणि जिद्द गोव्याची. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं ‘रोसब ६०००’ हे रशियन अभियंत्यांच्या साथीने बांधलेलं वाहन २०१० साली हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत उतरलं. केंद्राने २०२१ साली खोल सागर मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळाशी, साडेचार किलोमीटर खोलीवर, धगधगता उष्णजल झरा टिपला. ज्या वाहनाने तो टिपला ते स्वयंचलित होतं, आणि परदेशातून विकत घेतलेलं होतं.

माझं बोट या शेवटच्या वाक्यावर आहे. विकत घेण्यात कमीपणा नाही. सहा हजार मीटरवर करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर सहाशे किलोंचा भार येतो. तिथे टिकेल असं वाहन एका दिवसात कुणी बांधत नाही, आणि शास्त्रज्ञांना आज माहिती हवी असते. पण वाहन विकत मिळतं, हात विकत मिळत नाहीत. त्या खोलीवर रेडिओ पोहोचत नाही, जीपीएस पोहोचत नाही. फक्त आवाज पोहोचतो आणि तोही सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगाने. सहा किलोमीटर खाली गेलेल्या वाहनाला ‘ठीक आहेस ना?’ विचारलं, तर उत्तर यायला आठ सेकंद लागतात. एवढ्या वेळात काहीही होऊ शकतं. अशा यंत्राची देखभाल करणारा, त्याचा कनेक्टर पुन्हा जोडणारा, त्याची केबल राळेने बंद करणारा, जहाजाच्या हलत्या डेकवर रात्री दोन वाजता ओ-रिंगच्या खाचेत नख फिरवणारा माणूस हवा असतो. तो बहुतेक वेळा डिप्लोमावाला असतो, आयटीआयचा फिटर असतो, टर्नर असतो. शास्त्रज्ञाचं नाव शोधनिबंधावर येतं, ते योग्यच आहे. पण शोध ज्या झाकणाआडून येतो, ते झाकण या माणसाच्या हातचं असतं. देशात आणखी वाहनं येणार आहेत. तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ साठी ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमचा गोळा लागतो. हे सगळं सांभाळणारे हात कुठून येणार? ते हात घडवण्याचं खातं, महोदय, आपलं आहे.

आता हरवण्याबद्दल. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ठरवलं, की ग्लायडर अटलांटिकपार पाठवायचा. ग्लायडरला पंखा नसतो. पोटातला थोडासा द्रव आत-बाहेर करून तो कधी पाण्यापेक्षा जड, कधी हलका होतो. खाली जाताना आणि वर येताना त्याच्या पंखांमुळे तो पुढे सरकत राहतो, आणि मधूनमधून वर येऊन शेपटीतल्या अँटेनाने उपग्रहाला नोंदी देतो. २००८ साली त्यांनी पाठवलेलं वाहन अझोर्स बेटांच्या अलीकडे हरवलं. पाच महिन्यांची मेहनत समुद्रात गेली. म्हणून काम बंद झालं नाही. काय चुकलं असेल ते शोधून त्यांनी दुसरं वाहन तयार केलं. ते २७ एप्रिल २००९ ला निघालं आणि २२१ दिवसांनी, ४ डिसेंबरला, स्पेनच्या किनाऱ्याजवळ बाहेर काढलं गेलं. महासागर पार करणारं ते पहिलं पाण्याखालचं रोबोटिक वाहन. पहिलं हरवलं नसतं, तर दुसरं पोहोचलं नसतं. २०१४ साली तर ‘नीरियस’ हे जगातल्या सर्वांत खोल जाणाऱ्या वाहनांपैकी एक न्यूझीलंडच्या ईशान्येला केर्माडेक गर्तेत ९,९०० मीटरवर चिरडलं गेलं. जगातल्या नावाजलेल्या संस्थेचं, अनुभवी हातांचं वाहन. ज्याला कधीच काही हरवायचं नाही, त्याने पाण्यात काही सोडूच नये.

आमचं वाहन कसं हरवलं, ते मी सरळ सांगते, कारण त्यात चूक माझी होती. ऑक्टोबरची अखेर होती. मुलांना थ्रस्टरवरचा भार कमी करायचा होता, म्हणून त्यांनी वाहन अगदी काट्यावर तोललं. नियम असा आहे, की वाहन नेहमी किंचित हलकं ठेवायचं, म्हणजे सगळं बंद पडलं तरी ते आपोआप वर येतं. मला तो नियम माहीत होता, आणि मी ‘आजच्या दिवस चालेल’ म्हटलं. अडतीस मिनिटं उत्तम नोंदी आल्या. मग सुकती लागली, वाहन ओढलं गेलं, केबल खडकावर घासली. त्या खडकांवर कालवं आहेत, त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. पडदा काळा झाला. केबल ओढली तर हातात नुसतं तुटकं टोक आलं. त्या तुटक्या केबलच्या नळीतून पाणी हळूहळू वाहनात झिरपलं असणार, कारण आत शिरते तिथे आम्ही केबल राळेने बंद केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तांडेलांनी होडी घालून सुकतीभर शोधलं. पैसे घेतले नाहीत.

आमच्या तिसऱ्या वाहनात केबल शिरते ती जागा राळेने भरलेली आहे. ते दोनशे ग्रॅम हलकं ठेवलेलं असतं. आणि त्याच्या पोटाखाली शिशाचं एक वजन खडीसाखरेच्या खड्याला बांधलेलं असतं. दोरा नसलेला खडा घ्यायचा, बादलीत समुद्राचं पाणी भरून तो किती वेळात विरघळतो ते आधी मोजायचं, आणि तेवढ्या वेळात काम संपवून परतायचं. काही बिघडलं आणि आम्ही परतू शकलो नाही, तर साखर विरघळते, शिसं सुटतं, वाहन वर येतं. ही कल्पना त्याच मुलीची, जिने ओ-रिंगवरचा केस शोधला होता. हरवलेल्या वाहनाने आम्हाला हे तीन बदल दिले. रजिस्टरमध्ये ते अजून ‘शिल्लक’ आहे, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव ‘वस्तू प्रत्यक्ष दाखवावी’ या शेऱ्यापाशी अडला आहे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

पहिली, वाहन हा यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या तिन्ही शाखांचा मिळून एक प्रकल्प असू द्या, आणि तो एका सत्राचा नसून दोन वर्षांचा असू द्या. यंत्रवाल्याने नळी कातावी, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने सर्किट बसवावं, संगणकवाल्याने नोंदी वाचाव्यात, आणि पाणी आत शिरलं की तिघांनी मिळून कारण शोधावं. धाकट्या वर्गाने थोरल्यांकडून वाहन आणि वही दोन्ही ताब्यात घ्यावं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ हे ठरवू शकतं. आयटीआय आपल्या खात्यात येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण कौशल्य विभागाशी एक बैठक झाली, तर त्यांचे फिटर आणि वेल्डर आमच्या मुलांशेजारी उभे राहतील, आणि दोघंही शहाणे होतील.

दुसरी, प्रत्येक किनारी जिल्ह्यात एका तंत्रनिकेतनात दाबाची चाचणी घेण्याची सोय करा. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. आम्ही जाड पोलादी पाइपला दोन्ही टोकांना फ्लँज लावून, त्यात पाणी भरून, प्लंबर नळाची चाचणी घेतात त्या हातपंपाने दाब वाढवतो. दहा किलोचा दाब म्हणजे शंभर मीटर खोली. हवा न भरता पाणीच भरायचं, कारण दाबलेली हवा फुटली तर जीव घेते. हे नीट, सुरक्षित, प्रमाणित करून द्या. सोबत एक उथळ टाकी आणि एक जेटी, जिथे चाचणीसाठी बंदर, पोलीस आणि वन खात्याची परवानगी वर्षाला एकदाच, एकाच खिडकीवर मिळेल. आज एका दिवसाच्या चाचणीसाठी मी तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढते, आणि परवानगी हातात पडते तेव्हा भरतीची वेळ निघून गेलेली असते.

तिसरी, या वाहनांच्या नोंदी कुणाच्या तरी कामी येऊ द्या. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, शेजारी गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यांनी सांगावं, या खाडीत, या ठिकाणी, दर पौर्णिमेला आणि अमावास्येला हे एवढं मोजा. आपण मोजलेला आकडा कुणीतरी वाचतो हे कळलं, की मुलं कशी बदलतात, ते मी पाहिलं आहे. आणि ज्या तांडेलाच्या होडीवरून हे चालतं, त्यांना मार्गदर्शक म्हणून मानधन द्या. त्यांच्या जागी प्राध्यापक आणला असता तर आपण दिलंच असतं.

चौथी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. प्रयोगासाठी समुद्रात सोडलेलं वाहन हरवलं, तर त्याच्या निर्लेखनाचा स्वच्छ नियम करा. वस्तू दाखवण्याऐवजी अहवाल दाखवायचा: काय झालं, का झालं, पुढच्या वाहनात काय बदललं. जो शिक्षक हा अहवाल प्रामाणिकपणे लिहील, त्याच्याकडून वसुली नको, खुलासा नको. आज काय होतं, तेही आपल्याला कळावं. माझ्या ओळखीतल्या एका तंत्रनिकेतनात असंच एक वाहन तयार आहे, चांगलं बांधलेलं. ते तीन वर्षं काचेच्या कपाटात आहे. पाहुणे आले की दाखवतात. पाण्यात उतरवत नाहीत, कारण उतरवलं आणि परत आलं नाही तर उत्तर कोण देणार? त्या वाहनाच्या झाकणावरून कुणी नख फिरवलेलं नाही.

या चारही मागण्यांना लागणारा पैसा मोठ्या मोहिमेच्या तुलनेत किरकोळ आहे. आमचं तिसरं वाहन एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीत झालं, आणि त्यातला निम्मा खर्च थ्रस्टर आणि केबलचा. बाकी सगळं आमच्या लेथवर, आमच्या मुलांच्या हातांनी. किनारा सातशेवीस किलोमीटरचा म्हणून मी शाळेत शिकले. त्या किनाऱ्यावर अशी दहा वाहनं दहा खाड्यांत दर महिन्याला उतरली, तर पाच वर्षांनी कोकणच्या पाण्याच्या ज्या नोंदी आपल्या हाती असतील, त्या आज कुणाकडेही नाहीत. आणि त्याहून मोठं म्हणजे, झाकण कसं बसवायचं हे हाताला माहीत असलेली शेकडो मुलं असतील.

येत्या मार्चला पुन्हा साठा पडताळणी आहे. त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं जाईल. त्या वाहनाने पाठवलेल्या अडतीस मिनिटांच्या नोंदी आमच्याकडे एका वहीत उतरवलेल्या आहेत. खोली, तापमान, क्षारता, दर दहा सेकंदांनी. शेवटची ओळ अर्धीच आहे, कारण आकडा पूर्ण यायच्या आत केबल तुटली. नवी मुलं आली, की मी त्यांना आधी ती वही वाचायला देते आणि ती अर्धी ओळ दाखवते. रजिस्टरमध्ये या वहीला रकाना नाही. तो रकाना आपण आखून द्यावा, एवढीच विनंती.

आपली नम्र,
यंत्र अभियांत्रिकीची एक अधिव्याख्याता
जि. सिंधुदुर्ग